घरात चाळीस पाकपुस्तकं आहेत, पण त्यातून रांधलं जात नाही: काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात पाककृतींची चाळीसेक पुस्तकं आहेत, काही सासूबाईंची, काही रद्दीवाल्याकडून निवडून आणलेली. वाचायला फार आवडतात, पण ओट्याशी उभं राहिलं की हात मोबाइलकडे जातो. एकदा धीर करून जुन्या पुस्तकातले अनारसे केले, ‘एक वाटी पिठी, एक वाटी गूळ’ अगदी तसंच घेतलं, आणि ते तुपात विरघळले. तर ही पुस्तकं ठेवावीत का, त्यातून रांधायचं कसं, आणि सासूबाईंची खिळखिळी झालेली प्रत टाकून नवी आवृत्ती घ्यावी का?

चाळीस पुस्तकं म्हणजे फार नव्हेत. अडचण बहुधा त्या अनारशांपासून सुरू झाली असावी. वेळखाऊ आणि तुपाच्या खर्चाचा पदार्थ पुस्तकाबरहुकूम करूनही बिघडला, की पुढच्या वेळी पुस्तक उघडावंसं वाटत नाही. जुन्या पाककृतीत छापलेलं निम्मंच असतं. उरलेलं निम्मं त्या काळच्या वाचणारीला ठाऊक होतं म्हणून लिहिलेलं नसतं. ते कसं शोधायचं हे कळलं की पुस्तकं आपोआप वापरात येतात. सगळ्यांना लागू पडेल असं एकच उत्तर मात्र देता येणार नाही. पुस्तक कुठल्या काळाचं आहे, तुम्ही किती जणांसाठी रांधता, बाजारात काय मिळतं आणि शेगडी कशी आहे, यावर बरंच ठरतं.

आधी अनारशांचंच बघू, कारण जुन्या पुस्तकातून करताना जे चुकतं ते जवळजवळ सगळं याच पदार्थात सापडतं. अनारशाचा तांदूळ तीन दिवस भिजवतात, रोज पाणी बदलतात, मग उपसून फडक्यावर सावलीत पसरतात आणि हाताला दमट लागत असतानाच दळून बारीक चाळणीने चाळतात. ही दमट पिठी फुगीर असते. दीडशे मिलीच्या वाटीत हलक्या हाताने भरली तर साधारण ७५ ते ८० ग्रॅम बसते. किसलेला गूळ त्याच वाटीत दाबून भरला तर १२० ग्रॅम सहज होतो. म्हणजे वाटीला वाटी घेतल्यावर वजनाने गूळ पिठीच्या दीडपट झाला. गरम तुपात तो गूळ वितळतो, त्याला धरून ठेवायला पिठी पुरत नाही आणि अनारसा हसतो, म्हणजे तुपात विरघळून फुटतो. लिहिणाऱ्या बाईंनी पिठी दाबून आणि गूळ चिरून सैल भरला असेल, तर त्यांच्या हातून प्रमाण बरोबरच पडत होतं. छापताना ‘दाबून’ आणि ‘सैल’ हे दोन शब्द राहिले, एवढंच.

पुढच्या वेळी वजनाने घ्या. ५०० ग्रॅम चाळलेली दमट पिठी, ४५० ते ५०० ग्रॅम साधा पिवळा गूळ (चिकीचा नको) आणि दोन चमचे तूप. चांगलं मळून गोळे करा आणि डब्यात सहा-सात दिवस मुरू द्या. तांदूळ जुना हवा, नवा चिकट होतो. वाटीभर पिठी बाजूला राखून ठेवा. तळायच्या दिवशी आधी एकच अनारसा सोडून बघा. हसला तर गोळ्यात राखलेली पिठी थोडी थोडी मिसळा. उलट कडक झाला, जाळी पडली नाही, तर दुधाचे काही थेंब किंवा कुस्करलेल्या केळ्याचा छोटा तुकडा घालून मळा. थापताना खसखस खाली आणि तळताना वर राहील असा सोडायचा, आच मंद ठेवायची, उलटायचा नाही. वरून झाऱ्याने तूप उडवत राहायचं.

यावरून पहिली गोष्ट लक्षात येते की वजनकाटा हवा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा काटा पुरतो. मग घरातली एक वाटी कायमची ठरवा, तिच्यात पाणी भरून किती मिली ते बघा आणि नेहमीच्या जिनसा एकेकदा वजन करून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवा. १५० मिलीच्या वाटीत बारीक रवा साधारण १०५ ग्रॅम बसतो, तांदूळ १२०, साखर १२५, पिठीसाखर ७५, कणीक ७५ ते ८०, बेसन ६० ते ७५ आणि पातळ तूप १३५च्या आसपास. बेसनाचा आकडा एवढा खालीवर होतो, कारण ते चाळून भरलं की हलकं आणि डब्यातून थेट काढलं की गच्च असतं. बेसनाचे लाडू एकदा तुपात बसतात आणि एकदा कोरडे होतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. तुमचा काटा याहून थोडं वेगळं दाखवेल, तेव्हा तुमच्याच आकड्यांवर चाला.

पुस्तकातली वाटी केवढी, हेही काढता येतं. कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली आणि वाटी-चमच्याचं माप घरोघर रुळलं, पण प्रत्येक लेखिकेची वाटी सारखी नसते. प्रस्तावनेनंतर किंवा शेवटी मापांचा तक्ता आहे का, ते आधी बघा. नसेल तर असा पदार्थ शोधा जिथे वाटी आणि वजन दोन्ही दिलंय. समजा एके ठिकाणी ‘पाव किलो रवा (अडीच वाट्या)’ असं आहे, तर वाटीला १०० ग्रॅम रवा, म्हणजे वाटी दीडशे मिलीच्या जवळची. दोनच वाट्या म्हटलं असेल तर वाटी मोठी, पावणेदोनशे मिलीच्या आसपासची. अर्थात ज्या पदार्थात सगळंच त्याच वाटीने मोजायचं आहे, तिथे वाटी लहान की मोठी याने बिघडत नाही. वाटीची गाठ नगाशी पडते तिथे जपायचं: ‘दोन वाट्या रवा, एक नारळ’, ‘चार वाट्या वाल, दहा मिरच्या’. मध्यम नारळाचा चव (खोवलेलं खोबरं) मी हलक्या हाताने भरलेल्या अडीच-तीन वाट्या धरते. बाजारातला नारळ लहान असेल तर पदार्थ कोरडा होणारच.

त्याहून जुनी पुस्तकं असतील तर शेर-तोळे येतात. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणी-मित्र’ १९१० सालचं, म्हणजे मेट्रिक मापाच्या फार आधीचं. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, मासा एक ग्रॅमला किंचित कमी, छटाक पाच तोळ्यांचा म्हणजे ५८ ग्रॅम, पावशेर २३३ ग्रॅम आणि ऐंशी तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅम. पण शेर सगळीकडे ऐंशी तोळ्यांचा नव्हता. मुंबईचा जुना शेर २८ तोळ्यांचा होता, आणि धान्य मापून घ्यायचा मापी शेर वेगळाच. पुस्तकात कुठला शेर आहे हे ओळखायला मी मीठ बघते. पीठ मळायच्या एखाद्या पदार्थात शेरभर पिठाला तोळाभर मीठ सांगितलं असेल, तर ऐंशी तोळ्यांच्या हिशेबाने ते सव्वा टक्का पडतं, जे चवीला नेहमीचं आहे. २८ तोळ्यांच्या हिशेबाने साडेतीन टक्के होतं, ते तोंडात घालवणार नाही. मग शेर कुठला याची शंका राहत नाही.

आपल्याकडे मेट्रिक वजनं १९५८पासून टप्प्याटप्प्याने आली आणि १९६२पर्यंत सक्तीची झाली. त्या सुमाराच्या आवृत्त्यांत आणि नंतरच्या काही पुनर्मुद्रणांत दोन्ही मापं मिसळलेली दिसतात, पावशेराचं सरळ पाव किलो केलेलं आढळतं. भाजी-आमटीत त्या सात टक्क्यांनी काही होत नाही. पाकाच्या वड्यांत एका जिनसाचं माप बदललं आणि दुसऱ्याचं तसंच राहिलं, तर वडी पडत नाही.

आता न लिहिलेल्या खुणांकडे येऊ. कुठलंही नवं-जुनं पुस्तक हाती आलं की मी आधी पुरणपोळीचं पान काढते. हरभऱ्याची डाळ मऊ शिजल्यावर कट पूर्ण निथळायला सांगितलाय का? गूळ वजनाने डाळीइतका की पाऊणपट, ते आहे का? पुरणात झारा उभा राहिला म्हणजे झालं, अशी काहीतरी खूण दिली आहे का? आणि पुरण गरम असतानाच वाटायचं हे लिहिलंय का? चारही असतील तर ते शिकवणारं पुस्तक आहे, त्यावरून न केलेला पदार्थही बिनधास्त करावा. ‘गूळ घालून पुरण शिजवावे व पोळ्या कराव्यात’ एवढंच असेल तर ते येणाऱ्याला आठवण करून देणारं पुस्तक आहे. तेही ठेवावं, पण त्यातलं करताना शेजारी एक शिकवणारं पुस्तक उघडं हवं.

काही ठिकाणी हे न लिहिलेलं धोक्याचंही असतं. पहिल्या पावसाबरोबर बाजारात येणारी शेवळं ही रानभाजी घ्या. पाठारे प्रभू आणि सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांतून ती कोळंबी, सोडे किंवा खिमा घालून करतात. जुन्या पाककृतीत ‘शेवळे साफ करून चिरावीत, काकडे घालावीत’ एवढ्यावर भागवलेलं असतं. शेवळाचं वरचं आवरण काढल्यावर आत दांड्यावर पिवळा दाणेदार भाग असतो, तो पूर्ण काढून टाकायचा, नाहीतर घसा भयंकर खाजतो. आणि काकडं, म्हणजे छोटी रानफळं, हवीतच. ती ठेचून त्यांचा रस शेवळांना लागतो म्हणून खाज मरते. ज्या भाजीवालीकडे शेवळं असतात तिच्याकडे काकडंही असतात, दोन्ही एकदमच घ्यावीत. कधी केली नसतील तर पहिल्यांदा माहीतगाराबरोबरच करा. खाजऱ्या अळूला चिंच किंवा आंबट चुका लागतो तेही याच जातीचं, काही पुस्तकांत तो चवीसाठी असल्यासारखा सहज लिहिलेला दिसेल, म्हणून वगळू नका.

आच आणि वाटण या दोन गोष्टींनी जुनी पाककृती सगळ्यात जास्त बदलते. ‘खाली-वर निखारे ठेवून भाजावे’ असं नानकटाईत आलं तर ओव्हन १६० ते १७० अंश सेल्सियसवर आधी तापवून घ्या आणि पंधरा मिनिटांनंतर बघायला लागा. त्यातच वनस्पती तूप सांगितलं असेल आणि तुम्ही साजूक वापरणार असाल, तर साजूक लवकर वितळतं म्हणून नानकटाई पसरते. गोळे वळून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवले की आकार टिकतो. पाट्यावरचं वाटण जवळजवळ बिनपाण्याचं व्हायचं. मिक्सरला पाणी लागतंच, तेव्हा वाटणात घातलेलं पाणी रश्शाच्या पाण्यातून वजा करा, नाहीतर रस्सा पचपचीत होतो आणि दोष पुस्तकाला जातो. ‘आठ मिरच्या’ म्हणजे कुठल्या, तेही पाहा. रंगावर भर असेल तर बेडगी समजावी, कोल्हापूरकडचं पुस्तक असेल तर संकेश्वरी. शंका आली तर निम्म्याच घ्या. ‘लिंबाएवढी चिंच’ म्हणजे २५ ते ३० ग्रॅम, ‘सुपारीएवढी’ म्हणजे आठ-दहा ग्रॅम धरून मी चालते आणि शेवटी चव घेऊन वाढवते.

मोबाइलकडे हात का जातो, याचं कारण साधं आहे. घरात लाल भोपळा आहे, त्याचं काय करता येईल, हे मोबाइल दोन क्षणांत सांगतो. आपली बहुतेक पाकपुस्तकं मात्र भाज्या, आमट्या, गोड पदार्थ अशा प्रकारवार लावलेली असतात, जिनसांची सूची फारच थोड्यांत असते. ती सूची तुम्ही करायची. एक दोनशे पानी वही घ्या, प्रत्येक जिनसाला एक पान द्या आणि पुस्तक वाचताना जो पदार्थ करावासा वाटेल तेवढाच तिथे टिपा: लाल भोपळा, घारगे, अमुक पुस्तक, पान इतके. सगळी चाळीस पुस्तकं उतरवत बसू नका, कंटाळून सोडून द्याल. पाच पुस्तकांपासून सुरुवात करा. वहीत शंभरेक नोंदी झाल्या की भाजी आणल्यावर आधी वही उघडाल.

कोणताही पदार्थ पहिल्यांदा करताना लिहिलंय तसाच करा. आवडीप्रमाणे गोडा मसाला वाढवला, गूळ कमी केला, वेळ नाही म्हणून कुकरला लावलं, तर बिघडल्यावर कशाने बिघडलं ते कळत नाही. दुसऱ्या खेपेला एकच गोष्ट बदला. निम्मं करून बघायला हरकत नाही, पण पाकाच्या पदार्थात वेळ निम्मा होत नाही. थोडा पाक रुंद कढईत फार झपाट्याने पुढे जातो, एकतारीचा दोनतारी व्हायला मिनिटही पुरतं. म्हणून लहान पातेलं घ्या आणि घड्याळाऐवजी तार बघा. पदार्थ झाला की तारीख, काय बदललं आणि कसा झाला हे पेन्सिलीने दोन ओळींत लिहा. शाई नको, ती ओल्या हाताने फुटते.

आणि आनंदाचं म्हणाल तर तो एकच पदार्थ तीन पुस्तकांतून वाचण्यात आहे. कडव्या वालांचं बघा. एका पुस्तकात डाळिंबी उसळ आहे, गोडा मसाला, आमसूल, गूळ आणि वरून ओलं खोबरं. सीकेपी पुस्तकात बिरडं आहे, त्यात कांदा आणि नारळाचा रस. सारस्वतांच्या पुस्तकात नारळाच्या वाटणाचं प्रमाण, आंबटाची निवड, सगळंच निराळं. वाल तेच, मोड आणून सोलायची मेहनत तीच, पण फोडणीपासून वाट वेगळी होते. एका आठवड्यात दोन प्रकार करून पाहा. गूळ आणि आमसूल वालाचा कडवटपणा कसा झाकतात आणि नारळाचा रस त्याला कसा मऊ करतो, हे जिभेला कळतं, आणि मग तिसरं पुस्तक वाचतानाच चव तोंडात येते. संग्रह करण्याचं सार्थक मला यात वाटतं.

म्हणून नवीन काही घ्यायचं तर सर्वसाधारण ‘हजार पदार्थ’ छापाची आणखी पुस्तकं नकोत, ती तुमच्याकडे असणारच. एका समाजाची, एका भागाची पुस्तकं शोधा. सारस्वत महिला समाजाची ‘रसचंद्रिका’ १९४३ची, ती अजून वापरात आहे, कारण ती एका विशिष्ट स्वयंपाकघरातून आली आहे. गावोगावच्या महिला मंडळांच्या स्मरणिका, प्रेशर कुकरबरोबर येणाऱ्या जुन्या पुस्तिका, दिवाळी अंकांच्या पाककृती पुरवण्या रद्दीत किलोच्या भावाने जातात, त्या उचला. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आसपास आणि मुंबईत फ्लोरा फाउंटन, किंग्ज सर्कलच्या पदपथांवर जुनी पुस्तकं चाळायला मिळतात. घेताना मागची पानं पूर्ण आहेत का ते बघा, मापांचा तक्ता तिथेच असतो आणि तीच पानं आधी गळतात. प्रकाशनाचं साल शके दिलं असेल तर ७८ मिळवा, म्हणजे इसवी सन मिळेल.

रद्दीतून आणलेलं पुस्तक थेट कपाटात ठेवू नका. कसर किंवा कागद पोखरणारे किडे असतील तर शेजारची पुस्तकंही जातात. दोन दिवस पंख्याखाली सुकवा, प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर गार कागदावर पाणी धरतं. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. तो काही वर्षांत पिवळा पडतो, सुटतो आणि डिंकाचा तेलकट पट्टा अक्षरांवर राहतो. पानं सुटी झाली असतील तर बाइंडरकडे द्या, पण कडा कापायला मनाई करा, समासातलं लिखाण त्यातच जातं. पुस्तक ओट्यापासून लांबच असू द्या. लागणाऱ्या पानाचा फोटो काढा आणि रांधताना तो बघा, मोबाइलचा हा उपयोग फार चांगला आहे.

राहिली सासूबाईंची प्रत. नवी आवृत्ती जरूर घ्या, रोजच्या वापराला तीच बरी, शिवाय माप बदललंय का हे दोन्ही समोर ठेवून ताडता येतं. पण जुनी टाकू नका. समासात ‘गूळ कमी’, ‘दुप्पट केले, २५ माणसे’ असं काही लिहिलेलं असेल, तर तुमच्या घरच्या चवीला जुळवून घेतलेलं प्रमाण तिथेच आहे, ते नव्या प्रतीत पेन्सिलीने उतरवून घ्या. आणि सासूबाई असतील तर एकदा ते पुस्तक घेऊन त्यांच्याजवळ बसा, कुठली वाटी वापरत होत्या ते विचारा. ती वाटी अजून घरात असेल तर तिच्यात पाणी भरून मिली मोजा आणि तो आकडा पहिल्या पानावर लिहून ठेवा.